४७ नंबरची मूर्ती आणि न संपणारा ड्रॉपडाऊन



या आठवड्याच्या व्हिडिओत ऑर्डर फॉर्ममधली ड्रॉपडाऊनची यादी सर्व्हरवरून कशी आवरायची, ते मी स्क्रीनवर करून दाखवलं आहे. कोड तिथे ओळीओळीने आहे, म्हणून इथे परत लिहीत बसत नाही. इथे सांगते ते वेगळं आहे : हा कोड मला का लिहावा लागला, आणि लिहिताना मी कुठे कुठे आपटले. व्हिडिओ न बघता हे वाचलंत तरी चालेल.

आमचं दुकान कल्याणला. वर्षभर पूजेचं साहित्य आणि गिफ्ट आर्टिकल्स, पण श्रावण लागला की अर्धं दुकान गणपतीचं. शाडूच्या मूर्ती पेणहून टेम्पोने येतात, पेंढ्यात बसवून. आल्या की एकेक पुसून, फोटो काढून, पाटाखाली नंबर चिकटवून मांडायची. एकाच साच्यातल्या दोन मूर्ती असल्या तरी डोळ्यांची आखणी वेगळी असते, पितांबराचा रंग वेगळा असतो. त्यामुळे एक नंबर म्हणजे एकच मूर्ती. दुसरी तशीच मिळत नाही.

२०२३ साली मी पहिल्यांदा बुकिंगसाठी गुगल फॉर्म केला. नाव, मोबाईल, मूर्ती नंबर, न्यायला कधी येणार, बस्स. मूर्ती नंबरचा ड्रॉपडाऊन होता, त्यात १ ते १६०. फोटो व्हॉट्सअॅपवर, फॉर्मची लिंक खाली. दोन दिवसांत चाळीसेक बुकिंग आली आणि मी स्वतःवर भलतीच खूश. रोज रात्री दुकान बंद करताना आमचा मदतनीस पोरगा गेलेले नंबर फॉर्मच्या यादीतून हाताने काढून टाकायचा. त्यात कधीकधी एकाच नंबरवर दोन बुकिंग दिसायची. मग फोन करायचा, सॉरी म्हणायचं, दुसरा फोटो पाठवायचा. चालून जायचं.

४७ नंबर मात्र चालून गेला नाही. एका संध्याकाळी ८.५० ला एक बुकिंग आलं आणि ९.१५ ला दुसरं. दोघांनी ५०० रुपये अॅडव्हान्स यूपीआयने पाठवला. योगायोग असा की दोघांचं आडनाव एकच. पोराला वाटलं, एकाच माणसाने फॉर्म दोनदा भरला. त्याने एक ओळ खोडली, मूर्तीला एक चिठ्ठी बांधली आणि शटर ओढलं.

१८ सप्टेंबर, सोमवार, हरतालिका. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. संध्याकाळी पहिलं कुटुंब आलं, आरती म्हणून, मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकून घेऊन गेलं. तासाभराने एक आजोबा आले, बरोबर सहा-सात वर्षांची नात. हातात पाट आणि ताम्हन. त्या मुलीने मूर्ती फोटोत बघून स्वतः निवडली होती, कारण ४७ नंबरचा उंदीर बाप्पाच्या मांडीवर चढलेला होता. दुकानात दहा-बारा मूर्ती शिल्लक होत्या, त्यातल्या एकीचाही उंदीर मांडीवर नव्हता. आजोबा भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “अहो, आम्हाला गणपती कोणताही चालतो. हिला काय सांगू ते सांगा.”

मी बीबीए केलंय. इन्व्हेंटरी मॅनेजमेंटचा पेपर चांगल्या मार्कांनी सोडवलाय. या प्रश्नाचं उत्तर त्या पुस्तकात नव्हतं.

चूक पोराची नव्हती आणि गुगल फॉर्मचीही नव्हती. चूक माझी. मी काचेच्या कपाटात एक वस्तू ठेवली, ती विकली, आणि तरी कपाटात तिचा फोटो तसाच ठेवून दिला. रात्री दहापर्यंत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो फोटो बघून पैसे देणार, आणि त्यात गिऱ्हाइकाचा काय दोष?

पहिला उपाय, जो अर्धाच होता

गणपती झाल्यावर मी गुगल अॅप्स स्क्रिप्ट शिकायला बसले. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते : गुगल शीट, फॉर्म, जीमेल यांच्यामागे छोटा कोड लिहिता येतो, तो तुमच्या कॉम्प्युटरवर नाही तर गुगलच्या सर्व्हरवर चालतो. सुरुवात करायला वेगळं होस्टिंग, डोमेन काही लागत नाही. शीटमध्ये एक्स्टेन्शन्स या मेनूत जा, अॅप्स स्क्रिप्ट दाबा, झालं.

पहिला प्रयोग सोपा केला. फॉर्म भरला गेला की एक ट्रिगर चालतो, तो शीट वाचतो आणि गेलेला नंबर सोडून उरलेले नंबर ड्रॉपडाऊनमध्ये परत भरतो. म्हणजे पोराचं रात्री दहाचं काम आता प्रत्येक बुकिंगनंतर आपोआप. खूप छोटा धंदा असेल, दिवसाला पाच-सहा ऑर्डर असतील, तर एवढंसुद्धा पुष्कळ आहे. मी वर्गात अजूनही हाच पहिला धडा घेते.

पण नीट बघा, ट्रिगर चालतो कधी? फॉर्म स्वीकारला गेल्यानंतर. आधी बुकिंग आत येतं, मग यादी सुधारते. दोघांनी एकाच मिनिटात पाठवलं तर दोघांचंही आत येतं, आणि ट्रिगर मागाहून दोनदा यादी साफ करतो. यादी अगदी स्वच्छ असते, बुकिंग मात्र दोन.

म्हणून फॉर्म सोडला आणि स्वतःचं पान बनवलं. अॅप्स स्क्रिप्टमध्येच एचटीएमएलची टेम्प्लेट फाइल ठेवता येते. टेम्प्लेट म्हणजे अर्धवट भरलेलं पान. लग्नपत्रिकेवर नावाची जागा मोकळी सोडतात ना, तसं. कोणी लिंक उघडली की सर्व्हरवरचं डू-गेट नावाचं फंक्शन चालतं. ते शीट वाचतं, ज्या ओळीत ‘स्थिती’चा रकाना रिकामा आहे तेवढ्याच मूर्ती निवडतं आणि ती यादी टेम्प्लेटला देतं. टेम्प्लेटमध्ये कोनी कंस आणि प्रश्नचिन्ह यांच्यामध्ये लिहिलेला कोड असतो, त्याला स्क्रिप्टलेट म्हणतात. तो यादीवरून एकेक पुढे जात प्रत्येक मूर्तीचा एक पर्याय छापतो. पान तयार झालं की मगच गिऱ्हाइकाच्या मोबाईलकडे निघतं. गेलेल्या मूर्तीचा नंबर त्या पानात कुठेच नसतो. लपवलेला नाही, मुळात छापलेलाच नाही.

‘लपवलेला’ आणि ‘छापलेलाच नाही’ यातला फरक मला एका मैत्रिणीमुळे कळला.

मी केलेला गाढवपणा

माझ्या पहिल्या आवृत्तीत मी शहाणपणा करून अख्खी शीट पानाकडे पाठवली होती. म्हटलं, मोबाईलमध्येच जावास्क्रिप्टने गाळून घेऊ, सर्व्हरला कशाला त्रास. पान सुंदर चालत होतं. गेलेल्या मूर्ती दिसत नव्हत्या. मैत्रीण आयटीत आहे, तिला कौतुकाने लिंक पाठवली. पाच मिनिटांत तिचा फोन : “अगं, तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाईल नंबर माझ्या स्क्रीनवर आहेत.”

तिने काही हॅकिंग केलं नव्हतं. ब्राउझरमध्ये उजवी क्लिक करून पानाच्या आत काय काय आलंय ते बघितलं, एवढंच. शीटच्या ओळीत मूर्ती नंबर, स्थिती, गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल, अॅडव्हान्स सगळं होतं, आणि मी ते सगळं सगळ्यांच्या हातात देत होते. दाखवत नव्हते, पण देत होते. नशीब, तेव्हा ट्रायलचा डेटा होता. २०२३ मध्येच डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला, पण कायदा बाजूला ठेवा, आपल्याकडे नंबर दिलेल्या बाईला परक्या माणसाचा फोन गेला तर ती पुन्हा दुकानात पाय ठेवेल का?

तेव्हापासून पानाकडे तीनच रकाने जातात : मूर्तीचा नंबर, वर्णन, किंमत. बाकीचं सर्व्हरवर राहतं.

किंमत पानावर जाते, पण परत येताना मी ती घेत नाही. याचं प्रात्यक्षिक मी प्रत्येक बॅचला देते. प्रोजेक्टरवर एक फॉर्म उघडते, ड्रॉपडाऊनच्या पर्यायामागे २५०० लिहिलेलं असतं. ब्राउझरच्या इन्स्पेक्टमध्ये जाऊन ते २५ करते आणि बटण दाबते. शीटमध्ये ऑर्डर येते, रक्कम २५ रुपये. वर्गात एकदम शांतता होते. मग मागून कोणीतरी हळूच विचारतं, “मॅडम, आमच्या फॉर्मलापण असं होईल?” होईल. पानावरून किंमत, सवलत, शिल्लक काहीही परत येत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पानावरून फक्त नंबर घ्या, बाकी सर्व्हरने स्वतःच्या शीटमधून वाचावं.

आणि हो, नंबर म्हणजे नंबरच. मी सुरुवातीला पर्यायामागे वर्णन ठेवलं होतं, ‘शाडू १२ इंच पिवळा पितांबर’ वगैरे. शीटमध्ये शब्दामागे एक जास्तीची स्पेस होती, तर मूर्ती सापडेना. एकदा आकडा मराठीत होता, शीटमध्ये इंग्रजीत. आपल्याला दोन्ही बारा दिसतात, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी अक्षरं आहेत. लोकांना वाचायला वर्णन द्या, मागे मात्र आखूड कोड ठेवा. आम्ही ‘मू-०४७’ असे ठेवलेत.

यादी शिळी होते

आता मुख्य गोष्ट. ही नीट वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

स्क्रिप्टलेट एकदाच चालतो. पान सर्व्हरवरून निघण्याआधी. एकदा पान मोबाईलवर पोहोचलं की सर्व्हरचा आणि त्या यादीचा संबंध संपला. बाई दुपारी लिंक उघडते, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, मग मुलाला क्लासला सोडायचं असतं, रात्री नवरा आल्यावर दोघं मिळून मूर्ती ठरवतात आणि बटण दाबतात. त्यांच्यासमोरची यादी दुपारची आहे. वर्तमानपत्र सकाळी छापलं की दुपारची बातमी त्यात उगवत नाही, तसंच.

म्हणजे यादी आखडती करणं हे गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी. विक्री आवरायची असेल तर तपासणी दुसऱ्यांदा करायला लागते, बटण दाबल्यावर, आणि तीही सर्व्हरवर. नंबर आला की शीटमधली ती ओळ त्या क्षणी पुन्हा वाचायची. रिकामी असेल तर नाव लिहायचं. भरलेली असेल तर नम्रपणे सांगायचं की ही मूर्ती आत्ताच गेली.

एवढं करूनही एक फट राहते. समजा दोन बटणं अगदी एकाच वेळी दाबली गेली. सर्व्हर दोघांसाठी तो कोड दोनदा, शेजारी शेजारी चालवतो. पहिल्याने ओळ वाचली, रिकामी. तो नाव लिहायच्या आत दुसऱ्याने वाचली, रिकामीच. दोघांनी लिहिलं. दुसऱ्याचं नाव पहिल्यावर बसलं, आणि दोघांना ‘अभिनंदन’चा मेसेज गेला. पुन्हा ४७ नंबर.

याला उपाय कुलूप. अॅप्स स्क्रिप्टमध्ये लॉक सर्व्हिस आहे. कोडच्या सुरुवातीला स्क्रिप्टचं लॉक मागायचं. एकाला मिळालं की दुसरा दाराबाहेर थांबतो. किती थांबायचं ते मिलिसेकंदात सांगायचं असतं, मी १०,००० ठेवलंय, म्हणजे १० सेकंद. तेवढ्यात आत जायला मिळालं नाही तर ‘गर्दी आहे, पुन्हा एकदा दाबा’ असा निरोप. आत गेलेल्याने ओळ वाचायची, लिहायची आणि कुलूप सोडायचं.

इथे मी दोन दिवस घालवले, ते तुमचे वाचवते. शीटमध्ये लिही म्हटलं की ते लगेच लिहिलं जातंच असं नाही. गुगल वेग वाढवण्यासाठी काही बदल थोडा वेळ हातात धरून ठेवतं. तुम्ही कुलूप सोडलंत, दुसरा आत आला, आणि तुमचं लिखाण अजून शीटवर उतरलेलंच नाही! म्हणून कुलूप सोडायच्या आधी फ्लश करायचं, म्हणजे ‘हातातलं सगळं आत्ता खाली लिही’. क्रम लक्षात ठेवा : कुलूप, वाचा, लिहा, फ्लश, सोडा.

हे चालतंय की नाही ते तपासायचं कसं, कारण दोन माणसं एकाच क्षणी बटण दाबतील असं घरात कधी होत नाही. मी युक्ती केली. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये स्लीपची एक ओळ टाकून कोडला मुद्दाम ५ सेकंद झोपवलं. मग एक फोन माझ्या हातात, एक नवऱ्याच्या, एक-दोन-तीन म्हणून दाबलं. कुलूप नसताना दोघांनाही ‘बुकिंग झालं’ आलं. कुलूप लावल्यावर एकाला ‘झालं’ आणि दुसऱ्याला पाच-सहा सेकंदांनी ‘गेली’. नवरा म्हणाला, “म्हणजे माझीच गेली ना.” झोपेची ओळ नंतर काढायला विसरू नका हं.

छोट्या छोट्या कटकटी

‘गेली’ असं सांगायचीही पद्धत असते. माझ्या सुरुवातीच्या पानावर मूर्ती गेलेली असली की पान नव्याने उघडायचं आणि गिऱ्हाइकाने भरलेलं नाव-पत्ता सगळं पुसलं जायचं. माणूस आधीच हिरमुसलेला, त्यात पुन्हा टाइप करा. आता सर्व्हर ‘गेली’ या निरोपाबरोबर ताजी यादी परत पाठवतो आणि पान फक्त ड्रॉपडाऊन बदलतं. बाकीचं भरलेलं तसंच राहतं.

त्याहून मोठी गंमत नेट स्लो असणाऱ्यांची. बटण दाबलं, काही दिसेना, परत दाबलं. पहिल्या दाबण्याला बुकिंग झालेलं असतं, दुसऱ्याला सर्व्हर इमानदारीने सांगतो, ‘ही मूर्ती गेली.’ म्हणजे ज्याने घेतली त्यालाच! २०२४ च्या पहिल्याच रविवारी असे फोन आले आणि लोक घाबरून विचारत होते, पैसे कुठे गेले? मग दोन गोष्टी केल्या. दाबल्याबरोबर बटण मंद करून टाकलं. आणि सर्व्हरवर तपासणीत भर घातली : ओळ भरलेली आहे, पण मोबाईल नंबर याच माणसाचा आहे का? असेल तर ‘ही मूर्ती तुमच्याच नावावर आहे’ असं सांग. त्यासाठी मोबाईल नंबर आधी धुऊन घ्यावा लागतो. कोणी पुढे +९१ लावतं, कोणी मध्ये स्पेस देतं, कोणी मराठी आकड्यात टाइप करतं.

मूर्ती न्यायच्या वेळेचा ड्रॉपडाऊन वेगळ्या जातीचा आहे. मूर्ती एक, तशी वेळ एक नसते. अर्ध्या तासात आमच्याकडून नीट वीस मूर्ती दिल्या जातात, त्याहून जास्त बोलावल्या तर फूटपाथवर गर्दी. तिथे ओळ रिकामी आहे का हे न बघता त्या वेळेवर किती जण आहेत ते मोजायचं, वीस झाले की बंद. कुलूप तेच, मोजणीही त्याच्या आतच करायची.

इथे मी एक गोष्ट मुद्दाम वेगळी करते. गेलेली मूर्ती यादीतून पूर्ण काढते, पण भरलेली वेळ यादीत ठेवते, करड्या रंगात, ‘भरलं’ असं लिहून. कारण वेळ दिसलीच नाही तर लोक फोन करून विचारतात, सकाळी सातला तुम्ही दुकान उघडत नाही का? ‘भरलं’ दिसलं की गुपचूप साडेसात घेतात. करडा पर्याय निवडता येत नाही, पण ती फक्त पानावरची शोभा आहे. सर्व्हरची मोजणी चुकवायची नाही.

वेळेवरूनच आठवलं. शीटमध्ये इंग्रजी आकड्यात ८-१० असं लिहिलंत की शीट ती तारीख समजते आणि आठवा महिना नाहीतर दहावा महिना करून ठेवते. मग कोड शोधतो ८-१०, शीटमध्ये असते तारीख, आणि वेळेला एकही बुकिंग नाही असं दिसतं. म्हणजे वीसची मर्यादा असून नसल्यासारखी. तो रकाना आधीच ‘प्लेन टेक्स्ट’ करून ठेवा.

कोडमध्ये बदल केला आणि लिंकवर काहीच फरक पडला नाही, असं तुमचं नक्की होणार. मी रात्री साडेअकरापर्यंत डोकं धरून बसले होते. लोकांना दिलेली लिंक तुम्ही प्रकाशित केलेली जुनी आवृत्ती दाखवत राहते. डिप्लॉयमेंट मॅनेज करा मध्ये जाऊन नवी आवृत्ती दिल्याशिवाय बदल बाहेर जात नाही. शीटमधला डेटा मात्र दर वेळी ताजा वाचला जातो, त्यासाठी काही करायला नको.

आणखी एक धोका, ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात. पानावरून सर्व्हरवरचं फंक्शन बोलावता येतं, ती सोय आपणच वापरतो. पण म्हणजे नुसतं आपलं बुकिंगचं फंक्शन नाही, त्या स्क्रिप्टमधलं कुठलंही साधं फंक्शन पानावरून बोलावता येतं. माझ्याकडे ‘नवा सीझन’ नावाचं फंक्शन होतं, सगळी बुकिंग पुसणारं. बटण कुठेच नव्हतं, पण नाव माहीत असलेल्या कोणालाही ते चालवता आलं असतं. फंक्शनच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोर लावला की ते खाजगी होतं, पानावरून बोलावता येत नाही. घरातल्या कामाच्या सगळ्या फंक्शनना शेपटी लावून टाका.

काही जण विचारतील, आमची वेबसाइट पुतण्याने जँगोमध्ये बनवली आहे, आम्ही काय करायचं? विचार तोच. जँगोत एक बरं आहे : ड्रॉपडाऊनला जी क्वेरीसेट दिली, तीच परत आलेला पर्याय तपासायलाही वापरली जाते. बाहेरचा नंबर आला तर फॉर्म स्वतःच नाकारतो. तरी दोघं एकदम आले तर कुलूप तुम्हालाच लावायला लागतं. पुतण्याला ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ एवढं विचारा, त्याला कळेल.

काउंटरवरचं भोक

२०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरची, शनिवारी. बुकिंग आषाढातच सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात ते आजोबा आले, नातीला घेऊन. फॉर्म वगैरे काही नाही, सरळ दुकानात. मी बँकेत गेले होते. सासूबाई काउंटरवर होत्या. त्या दोघींनी मिळून अर्धा तास मूर्ती बघितल्या म्हणे, शेवटी एक ठरली, सासूबाईंनी वहीत लिहून घेतलं, चिठ्ठी बांधली, मुलीच्या हातावर पेढा ठेवला.

रात्री मी जेवताना सहज लिंक उघडली. तो नंबर यादीत होता. सगळ्यांना दिसत होता. माझं कुलूप, माझी दुहेरी तपासणी, माझं फ्लश, सगळं जागेवर होतं, आणि मूर्ती वहीतून गेली होती. हात न धुताच उठले आणि शीटमध्ये आजोबांचं नाव टाकलं. त्या चार-पाच तासांत दुसऱ्या कोणी तो नंबर घेतला नाही हे निव्वळ नशीब.

तुम्ही फॉर्म कितीही पक्का करा, माल दोन दारांनी जात असेल तर दोन्ही दारांना एकच वही लागते. दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक जुना मोबाईल ठेवला, त्यात तीच लिंक. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं बुकिंगही त्याच पानावरून, त्याच कुलपातून. सासूबाई पहिल्यांदा चिडल्या. “समोर माणूस उभा, समोर गणपती, आणि मी फोनला विचारू, गणपती आहे का म्हणून?” त्यांचं चुकत नव्हतं. पण त्याच संध्याकाळी एक गिऱ्हाईक दुकानात ज्या मूर्तीसमोर उभं होतं, ती डोंबिवलीहून कोणीतरी त्याच वेळी बुक केली. मूर्ती मांडणीवर, यादीतून गायब. सासूबाईंनी फोनकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “ही ठरलीय हो कोणाची तरी.”

चिठ्ठ्यांचं रीळ आता त्या मोबाईलला रबरबँडने बांधलेलं असतं. पानावर ‘बुकिंग झालं’ आल्याशिवाय चिठ्ठी फाडायची नाही, असं त्यांनीच पोराला बजावलंय. वही अजून आहे. तिच्यात त्या काय लिहितात ते मी विचारत नाही.

शीटचा नमुना आणि कोड व्हिडिओखालच्या लिंकवर आहे. कॉपी करून घेतलात की आधी ‘स्थिती’चा रकाना रिकामा करा, तिथे माझे ट्रायलचे बुकिंग आहेत.